इंग्रजी व्याख्यान ऐकू येते, पण कळत का नाही? श्रवणसाहित्याचे एक परीक्षण



पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहा. एनपीटीईएलचे असे एक व्याख्यान निवडा, जे तुम्ही पूर्ण पाहिले आहे आणि जे आपल्याला समजले असे तुम्हाला वाटते. ते पुन्हा सुरू करा, पण खाली येणारी इंग्रजी सबटायटल्स बंद करा आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवा. फक्त दोन मिनिटे ऐका. मग सरांनी काय सांगितले ते मराठीत चार ओळींत लिहा.

हा प्रयोग मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात अनेकदा केला आहे. त्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळवलेल्या मुलांनाही पुष्कळदा चार ओळी पुऱ्या करता येत नाहीत. मुले हुशार असतात, विषय त्यांना येत असतो. पण ते व्याख्यान त्यांनी वाचलेले असते, ऐकलेले नसते.

मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही, इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तरीही हे टिपण लिहितो आहे, कारण इंग्रजी ऐकून समजावे म्हणून तुमच्यासमोर जे साहित्य ठेवले जाते (महाविद्यालयातील लँग्वेज लॅब, परीक्षांच्या तयारीची रेकॉर्डिंग, बातम्या, एनपीटीईएल, परदेशी विद्यापीठांची व्याख्याने) त्यातील बरेचसे मी स्वतः वापरले आहे आणि मुलांनाही वापरायला लावले आहे. त्यातले माझे काही सल्ले चुकीचे होते. चूक कुठे झाली हे आता थोडेफार समजते. नवा विषय समजून घेणे आणि नवी बोली ऐकायला शिकणे ही दोन कामे आपण विद्यार्थ्याला एकाच वेळी करायला सांगतो. दोन्हींत तो मागे पडतो आणि मग 'माझे इंग्रजी कच्चे आहे' असे म्हणून गप्प बसतो. पुढे जे परीक्षण केले आहे ते याच कसोटीवर.

अडचण नेमकी कुठे असते

ऐकताना वाक्य निसटते त्याची कारणे वेगवेगळी असतात. कधी शब्दच माहीत नसतो. कधी सगळे शब्द कळतात, पण वाक्य लांब असल्याने शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. आणि कधी शब्द माहीत असतो, लिहिलेला दिसला तर लगेच ओळखता येतो, पण कानावर पडतो तेव्हा तो तोच आहे हे कळत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत हे तिसरे कारण सर्वांत मोठे आहे असे माझे निरीक्षण आहे. उपाय मात्र आपण पहिल्या कारणावर करत राहतो: शब्द पाठ करा, शब्दसंग्रह वाढवा.

मराठीतून विचार करा म्हणजे हे पटेल. एखाद्या परदेशी माणसाने पुस्तकातून मराठी शिकली आहे. 'तू कुठे गेला होतास?' हे वाक्य त्याला वाचता येते, लिहिता येते. आता त्याला बसस्टँडवर कोणी विचारले, 'कुठं गेल्तास?' या आवाजात त्याला 'गेला' सापडत नाही आणि 'होतास'ही सापडत नाही. त्याचा शब्दसंग्रह कमी नाही. बोलताना आपण शब्दांचे काय करतो, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

इंग्रजी बोलणारेही हेच करतात, आणि आपल्यापेक्षा जास्त करतात. आपण इंग्रजी बोलतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखे वजन देतो. इंग्लंड-अमेरिकेतील माणूस महत्त्वाच्या अक्षरावर जोर देतो आणि मधली अक्षरे आवळून टाकतो. 'ऑफ' हा शब्द 'अव' किंवा नुसता 'अ' होतो, 'अँड'चा 'न' उरतो. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांच्या मधला 'ट' 'ड'सारखा ऐकू येतो, म्हणून 'डेटा'चा 'डेडा' आणि 'वॉटर'चा 'वॉडर' होतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत फरक करायचा तो शेवटच्या अक्षराच्या लांबीवरून आणि जोरावरून. शेवटचा 'न' ऐकू येईलच असे नाही. सगळ्यांत घातक जोडी 'कॅन' आणि 'कान्ट' यांची. अमेरिकन माणूस होकारातला 'कॅन' इतका हलका बोलतो की 'कन' एवढेच कानावर येते, आणि नकारातला शब्द तो जोर देऊन 'कॅन्ट' असा बोलतो, पण त्यातला शेवटचा 'ट' बहुतेक वेळा गिळतो. आपला विद्यार्थी स्पष्ट 'कॅन' ऐकतो आणि होकार समजतो. हे समीकरण सोडवता येते की येत नाही, याचा अर्थच उलटा होतो.

हे ध्वनींचे ज्ञान एका तासात सांगता येण्यासारखे आहे. आपल्याकडे ते फारसे सांगितले जात नाही, ही माझी पहिली तक्रार.

लँग्वेज लॅब

एआयसीटीईच्या २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात इंग्रजीच्या प्रात्यक्षिकात श्रवण आकलनाचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात काय घडते ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. प्रयोग क्रमांक अमुक, शीर्षक 'लिसनिंग कॉम्प्रिहेन्शन', उद्देश, साहित्य (हेडफोन, संगणक), कृती, निष्कर्ष. जणू कान म्हणजे ओहमचा नियम. हेडफोनमधील निम्म्यांचा एकच कान चालतो. उतारा एकदा ऐकायचा, पाच पर्यायी प्रश्नांची उत्तरे द्यायची, आणि ती शेजारच्याच्या फाइलमधून उतरवायची. एका वर्षी भाषेच्या सहकाऱ्यांच्या जागी मला त्या लॅबवर पाठवले होते. अशा साठ फाइलींवर मी सह्या केल्या आहेत, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाला देत नाही.

पण त्या फाइलींपेक्षा मोठा दोष उताऱ्यांत होता. ते विमानतळावरील घोषणा, हॉटेलमधील खोली आरक्षित करणे, लंडनमधील हवामान अशा विषयांचे होते, आणि आवाज फक्त ब्रिटिश. ज्या मुलीने विमानतळ पाहिलेला नाही, तिला 'बोर्डिंग गेट' हा प्रसंगही नवा आणि आवाजही नवा. शिवाय ती पुढे नोकरीला लागेल तेव्हा तिच्या बैठकीत लंडनचे हवामान निघणार नाही. चेन्नईचा टीम लीडर असेल, कोलकात्याची टेस्टर असेल, आणि कदाचित टेक्सासचा ग्राहक. 'न्यूट्रल अ‍ॅक्सेंट' या नावाने जे विकले जाते त्यात यांपैकी कोणीही नसते.

येथे माझी एक आठवण सांगतो. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. पदवीला आमचे शिक्षक इंग्रजी पुस्तकातील वाक्य वाचत आणि समजावून मराठीत सांगत, त्यामुळे तासभर सलग इंग्रजी मी कधी ऐकलेच नव्हते. पदव्युत्तर शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात गेलो. पहिल्याच आठवड्यात तमिळभाषी सरांनी 'यम बाय यन' मॅट्रिक्स शिकवायला घेतला. माझ्या वहीच्या समासात अजून 'यम = ?' असे लिहिलेले आहे. मला वाटले ही कोणती तरी नवी संज्ञा आहे. तो साधा 'एम' होता, हे कळायला दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत काय शिकवले ते मला नंतर पुस्तकातून काढावे लागले. माझ्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा उच्चार सारखाच होतो, यावर तिकडच्या मित्रांनी पुढे दोन वर्षे हसून घेतले, तो भाग वेगळा.

परीक्षेची रेकॉर्डिंग आणि संथ इंग्रजी

परदेशी जाऊ इच्छिणारे विद्यार्थी आयईएलटीएसच्या सराव फिती वापरतात. या परीक्षेच्या श्रवणभागात चार विभाग, ४० प्रश्न, सुमारे ३० मिनिटे, आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच ऐकायला मिळते. साहित्य म्हणून या फिती चांगल्या आहेत. आवाज वेगवेगळ्या देशांचे असतात आणि शेवटचा विभाग एका शैक्षणिक विषयावरील सलग भाषणाचा असतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तेथे प्रश्न आधीच तुमच्यासमोर छापलेले असतात आणि उत्तरे साधारण त्याच क्रमाने येतात. तुम्ही पाण्यात जाळे टाकून ठरलेला मासा येण्याची वाट पाहता. वर्गातील व्याख्यानाला असा छापील कागद नसतो. त्यात महत्त्वाचे काय हेच आधी ओळखावे लागते. म्हणून परीक्षेत चांगले गुण मिळवूनही परदेशातील पहिल्या सत्रात अडखळणारे विद्यार्थी असतात. परीक्षा द्यायची असेल तर या फिती वापराच, पण एवढ्यावर थांबू नका.

दुसऱ्या टोकाला संथ इंग्रजी आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' सुरू केले: सुमारे १५०० शब्दांत बातम्या, आणि त्याही हळू वाचलेल्या. पहिल्या काही महिन्यांसाठी हे औषध गुणकारी आहे. बातम्यांच्या वाहिनीसमोर बसून 'कानावर पडू दे' म्हणणाऱ्या सल्ल्यापेक्षा कितीतरी बरे. न कळणारा आवाज तासन्‌तास कानावर पडला तर आपण फक्त तो दुर्लक्षित करायला शिकतो. पंख्याचा आवाज आपण असाच दुर्लक्षित करतो. परंतु संथ इंग्रजीची मर्यादाही समजून घ्या. हळू आणि स्वच्छ वाचताना शब्दांचे ते आवळणे, गिळणे बरेच कमी होते, आणि आपली खरी अडचण तर तिथेच आहे. यूट्यूबवर वेग ०.७५ करण्याने मात्र उलटे होते. तेथे आवाज लांबतो, पण वक्त्याने जो 'ट' उच्चारलाच नाही तो कोणत्याही वेगाला परत येत नाही.

चित्रपट आणि मालिका यांच्याबद्दल थोडक्यात: आवडतात म्हणून जरूर पाहा. व्याख्यानाच्या सरावाला त्यांचा उपयोग कमी, कारण संवाद तुटक असतात, मागे संगीत असते आणि निम्मा अर्थ चेहऱ्यावरून कळतो.

एनपीटीईएल आणि सबटायटल्स

आयआयटी आणि आयआयएससी यांनी २००३ मध्ये सुरू केलेला एनपीटीईएल हा उपक्रम इंग्रजी शिकवण्यासाठी निर्माण झालेला नाही. तरी श्रवणाचे साहित्य म्हणून मी त्याला लँग्वेज लॅबच्या वर ठेवतो. विषय तुमच्या अभ्यासक्रमातील, शिक्षक देशाच्या सर्व भागांतील. एकाच सत्रात तुम्ही बंगाली, तमिळ, तेलुगू, हिंदी भाषकांचे इंग्रजी ऐकू शकता, आणि हीच विविधता नोकरीत भेटणार आहे. उणीव अशी की काही व्याख्याने स्लाइडवरील मजकूर वाचून दाखवणारी आहेत. ती ऐकण्याचे कारणच उरत नाही, कारण डोळे वक्त्याच्या आधी ओळ संपवतात.

सबटायटल्सबद्दल माझे मत कडक आहे आणि सहकाऱ्यांशी माझा यावर वाद होतो. ते म्हणतात, सबटायटल्समुळे मुलांना निदान विषय तरी समजतो. मान्य. विषय समजून घ्यायचा असेल तेव्हा सबटायटल्स लावा, नव्हे, ट्रान्स्क्रिप्टच वाचा. काही अभ्यासक्रमांची ती मराठीतही आहेत. पण त्या वेळेला 'इंग्रजी ऐकले' असे मोजू नका. दीडपट वेगाने, सबटायटल्स लावून पाहिलेले व्याख्यान म्हणजे घाईने वाचलेले पुस्तक होय. शिवाय यंत्राने तयार केलेली सबटायटल्स नेमकी तांत्रिक शब्दांवर फसतात. 'आयगन व्हॅल्यू'चे 'आय कॅन व्हॅल्यू' झालेले तुम्हीही पाहिले असेल. कानावर भरवसा नसलेला विद्यार्थी ते तसेच वहीत उतरवतो.

उपयोगाचे एक व्याख्यान

आता जे साहित्य मी सुचवतो त्याचे उदाहरण. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने आहेत, चित्रीकरण १९९९चे. चित्र जुने, फळा-खडू, स्लाइड नाहीत. पहिले व्याख्यान सुमारे ४० मिनिटांचे आहे.

ते निवडण्याचे कारण असे, की त्याची सुरुवात ज्या उदाहरणाने होते ते तुम्हाला दहावीपासून येते: दोन एक्स वजा वाय बरोबर शून्य, आणि वजा एक्स अधिक दोन वाय बरोबर तीन. एकसामायिक समीकरणे. उत्तर तुम्ही तोंडी काढाल: एक्स एक, वाय दोन. स्ट्रँग आधी ओळींच्या बाजूने पाहतात: प्रत्येक समीकरण म्हणजे एक रेषा, दोन्ही रेषा जिथे छेदतात ते उत्तर. मग स्तंभांच्या बाजूने पाहतात: पहिला स्तंभ दोन आणि वजा एक, दुसरा वजा एक आणि दोन, पहिला एकदा आणि दुसरा दोनदा घेतला की शून्य आणि तीन मिळतात. ही दुसरी दृष्टी शाळेत आपल्याला दाखवलेली नसते, पण आता या परिच्छेदात तुम्ही ती मराठीत वाचली आहे. म्हणजे व्याख्यानाच्या त्या भागात तुम्हाला गणिताचा धक्का बसणार नाही. कान पूर्ण मोकळे आहेत.

आता ३० सेकंदांचा तुकडा घ्या, जास्त नको. सबटायटल्स बंद. ऐकू येईल ते जसेच्या तसे वहीत लिहा. शब्द कळला नाही तर जो आवाज आला तो देवनागरीत लिहा. देवनागरी या कामाला फार सोयीची आहे, कारण आपण ऐकलेला ध्वनी ती लपवत नाही. पुन्हा ऐका, तिसऱ्यांदा ऐका, गाळलेल्या जागा भरा. मगच सबटायटल्स लावा आणि आपली वही ताडून पाहा. जिथे चुकलात तिथे कोणत्या प्रकारची चूक ते लिहा: शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून ओळखला नाही? शेवटी तेच वाक्य वक्त्याबरोबर, त्याच्याच वेगाने, मोठ्याने म्हणा. खोलीतील मित्र हसतील. जे आवळलेले शब्द आपल्या तोंडून एकदा तसे निघाले, ते पुढे कानाला लवकर सापडतात. दिवसाला १५ मिनिटे पुरतात, आणि १५ मिनिटांत एकच तुकडा झाला तरी चालेल.

याच व्याख्यानात पुढे तीन समीकरणांचे उदाहरण येते आणि तिथे तिसरे अक्षर 'झेड' नसून अमेरिकन 'झी' आहे. आमच्या काही मुलांच्या वहीत त्या जागी 'सी' आले. उत्तर एक्स शून्य, वाय शून्य आणि 'सी' एक असे लिहून ती मुले पुढे गेली होती. तुमच्या वहीतील ही जागा मुद्दाम तपासा.

एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. काही शिक्षक म्हणतात, मराठीत टिपणे दिली की मुले इंग्रजीकडे वळतच नाहीत. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची वाट मोकळी केली, तेव्हाही हीच भीती स्टाफरूममध्ये ऐकली होती. माझा अनुभव उलट आहे. ज्यांनी धडा आधी मराठीत वाचला होता, ती मुले इंग्रजी व्याख्यानात शेवटच्या मिनिटापर्यंत टिकून राहिली. ज्यांनी काहीच वाचले नव्हते, ती पहिल्या पाच मिनिटांत सुटली आणि मोबाइलकडे वळली. मराठी टिपण वाचून तिथेच थांबणारेही आहेत, नाही असे नाही. पण ते मराठी टिपण नसते तरी इंग्रजी ऐकत बसले असते असे मला वाटत नाही.

समोरचा माणूस बोलतो तेव्हा

ध्वनिफीत मागे नेता येते, माणूस नेता येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला मुलाखतीत 'वॉक मी थ्रू युअर प्रोजेक्ट' असे सांगितले गेले. तिला 'वॉक' आणि 'प्रोजेक्ट' ऐकू आले. प्रकल्प चालणाऱ्या रोबोटचा आहे का, असे विचारले जात आहे असे समजून ती 'नो सर' म्हणाली. प्रकल्प तिने स्वतः बांधला होता, शेवटच्या तारेपर्यंत. निवड झाली नाही.

परत आल्यावर मी तिला विचारले, पुन्हा का नाही विचारलेस? ती म्हणाली, "सर, दोनदा 'पार्डन' म्हणून झालं होतं, तिसऱ्यांदा कसं म्हणू?" तिचे बरोबर होते. 'पार्डन' म्हटले की समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने, फक्त मोठ्याने म्हणतो. त्याऐवजी जे कळले ते सांगून जे निसटले तेवढेच विचारायचे: 'तुम्ही माझ्या प्रोजेक्टबद्दल विचारत आहात, त्यातले नेमके काय सांगू?' हे इंग्रजीत म्हणायचे एक वाक्य तयार ठेवा, घरी दहा वेळा म्हणून ठेवा. समोरचा माणूस मग वाक्य बदलतो, सोपे करतो. त्या मुलीने पुढच्या मुलाखतीआधी असे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. त्या मुलाखतीत तिला ते दोनदा वापरावे लागले, असे तिने फोनवर सांगितले.